मॉरिशसची वीज, पेट्रोल आणि गॅस: कोणाचा कारभार, कोणाची नजर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी मॉरिशसला निघालेली मंडळी, तिथे सोलरचा धंदा करू पाहणारे, साखर कारखानदारीतले जाणकार आणि ज्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून गिरमिटिये म्हणून तिथे गेले अशा तिथल्या मराठी घरांतली तरुण मुलं. सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. दर कोण ठरवतं? तक्रार कुठे करायची? परवाना कोण देतं? कायद्यांची आणि कचेऱ्यांची नावं इतकी सारखी वाटतात की माणूस चुकीच्या दारात उभा राहतो. म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

मॉरिशसमध्ये ऊर्जेचा एकच नियामक आहे का?

नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. विजेचं नियमन करते युटिलिटी रेग्युलेटरी ऑथॉरिटी, म्हणजे यूआरए. वीज वाहून नेणं आणि घरोघर पोचवणं हे काम सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्डाचं. त्याला सगळे सीईबी म्हणतात. अक्षय ऊर्जेला चालना द्यायला मरेना नावाची संस्था आहे आणि विजेची बचत पाहायला एनर्जी एफिशियन्सी मॅनेजमेंट ऑफिस. धोरण ठरवतं ऊर्जा व सार्वजनिक सेवा मंत्रालय. पेट्रोल, डिझेल आणि स्वयंपाकाच्या गॅसचा या कोणाशीच थेट संबंध नाही. तो कारभार व्यापार खात्याच्या बाजूला, स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन आणि पेट्रोलियम दर समिती यांच्याकडे आहे.

सीईबी म्हणजे तिथली महावितरण समजायची का?

महावितरण नव्हे, २००५ च्या आधीचं आपलं एमएसईबी, म्हणजे राज्य वीज मंडळ, आठवा. निर्मिती, वहन आणि वितरण एकाच छपराखाली होतं, तसं. सीईबीची स्थापना १९५२ ची. आजचा कारभार १९६४ च्या कायद्यावर चालतो. फोर्ट जॉर्ज, सेंट लुई, फोर्ट व्हिक्टोरिया ही तिची तेलावरची वीजकेंद्रं. निकोलेला गॅस टर्बाइन आहे, ते विजेची मागणी शिगेला पोचते तेव्हा लावतात. शिवाय लहान जलविद्युत केंद्रं आहेत, त्यांतलं सर्वांत मोठं शांपान्यचं, ३० मेगावॉटचं. देशाला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ४० टक्के वीज सीईबी स्वतः तयार करते आणि उरलेली खासगी उत्पादकांकडून विकत घेते. तारा, खांब, मीटर आणि बिल मात्र सगळं तिचंच.

म्हणजे वीज करणारी तीच, विकत घेणारी तीच आणि विकणारीही तीच. खासगी केंद्राला दुसरं गिऱ्हाईक नाही आणि घरमालकाला दुसरा दुकानदार नाही. मॉरिशसच्या ऊर्जा कारभारातले बहुतेक वाद या एका वाक्यातून निघतात.

मग यूआरएचं काम काय?

या एकाधिकारावर बाहेरच्या कोणाची तरी नजर असावी, हे तिच्या स्थापनेमागचं कारण. वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही सेवा तिच्या कक्षेत येतात. परवाने देणं, अटी पाळल्या जातात का ते पाहणं, दरांचे प्रस्ताव तपासणं, सेवा देणारी संस्था आणि ग्राहक यांच्यातले तंटे ऐकणं ही तिची मुख्य कामं.

यातली खरी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट तारखांची आहे. यूआरएचा कायदा २००४ चा आहे. विजेचा नवा कायदा आला २००५ मध्ये. प्राधिकरण प्रत्यक्षात उभं राहिलं २०१६ मध्ये! मधली बारा वर्षं नियामक कागदावर होता आणि जमिनीवर मंत्रालय व सीईबी यांनीच आपापसांत सगळं ठरवलं. त्याच काळात मोठे वीजखरेदी करार चालू होते आणि केंद्रं उभी राहत होती. महाराष्ट्रात वीज नियामक आयोग १९९९ मध्ये आला आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झालं. आधी पंच, मग खेळाची नवी मांडणी. मॉरिशसमध्ये खेळ अर्ध्यावर आला तेव्हा पंच मैदानात उतरला. यूआरएला आजही आपला अधिकार थोडा थोडा करून सिद्ध करावा लागतो, त्याचं मूळ माझ्या मते या उशिरात आहे. तिथल्या अधिकाऱ्यांच्या कुवतीला त्याचा दोष देणं बरोबर नाही.

घरगुती विजेचा दर कोण ठरवतं?

कायद्याने सांगायचं तर प्रस्ताव सीईबीचा आणि छाननी यूआरएची. व्यवहारात सरकारची इच्छा फार मोठी असते. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली काही युनिटं स्वस्त, पुढची महाग. गरीब कुटुंबांसाठी वेगळा सामाजिक दर आहे. ज्यांना महाराष्ट्रातल्या बिलातला स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी उतरंड पाहायची सवय आहे, त्यांना मॉरिशसचं बिल वाचायला सोपं वाटतं.

खासगी उत्पादक कोण आहेत? तिथेही बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, वीज होते म्हणतात, ते खरं का?

खरं तर आहेच, आणि या विषयात मराठी वाचकाने सर्वांत जास्त वेळ घालवावा अशी जागा हीच आहे.

तिथले मोठे खासगी उत्पादक साखर उद्योगातलेच: बेल व्ह्यूचं तेराजेन, ला बाराकचं ऑम्निकेन आणि अल्तेओ. गळीत हंगाम साधारण जुलै ते नोव्हेंबर-डिसेंबर. तेवढे महिने बॉयलरमध्ये बगॅस जातो. हंगाम संपला की त्याच बॉयलरमध्ये आयात कोळसा पडतो. त्यामुळे केंद्र वर्षभर चालतं आणि सीईबीला बारमाही वीज मिळते. बेल व्ह्यूचं ७० मेगावॉटचं केंद्र २००० मध्ये आलं, ला बाराकचं ९० मेगावॉटचं २००७ मध्ये. उच्च दाबाचे, ८२ बारचे बॉयलर बसवल्यामुळे एका टन उसामागे मिळणारी वीज जुन्या कारखान्यांच्या कितीतरी पट झाली. कोल्हापूर-सांगलीकडची सहवीजनिर्मिती पाहिलेल्याला ही यंत्रं परकी वाटणार नाहीत.

आता गोम कुठे आहे ते पाहा. वर्षभराची हमी कोळशामुळे मिळते. म्हणून 'बगॅसचं केंद्र' म्हणून ओळखलं जाणारं केंद्र वर्षाचा मोठा भाग कोळशाचं केंद्र असतं. त्यात ऊस कमी होत चालला आहे. युरोपीय संघाने २००६ च्या साखर सुधारणांत हमीभाव ३६ टक्क्यांनी खाली आणला, लहान शेतकऱ्यांनी रानं पडीक टाकली आणि कारखाने एकत्र होत होत तीनावर आले. ऊस कमी तर बगॅस कमी, आणि बगॅस कमी तर कोळसा जास्त. साखरेच्या भावाचा निर्णय ब्रसेल्समध्ये झाला आणि राजधानी पोर्ट लुईच्या बंदरात कोळशाच्या बोटी वाढल्या.

लहान ऊसउत्पादकांची जुनी तक्रार अशी की ऊस आमचा, चिपाड आमचं, विजेचे पैसे मात्र कारखान्याचे. बगॅससाठी शेतकऱ्याला मिळणारी रक्कम वर्षानुवर्षं नगण्य होती. सरकारने २०२१ नंतर जैवभाराचं राष्ट्रीय धोरण आणून हा मोबदला वाढवला. मला हा निर्णय योग्य वाटतो, फक्त तो पंधरा वर्षं आधी यायला हवा होता. रानं पडीक पडल्यावर भाव वाढवून ऊस परत येत नाही.

खासगी उत्पादकांशी झालेले करार लोकांना पाहायला मिळतात का?

दीर्घकाळ मिळत नव्हते. सुमारे वीस वर्षांच्या मुदतीचे हे करार सीईबी आणि कंपनी यांच्यात झाले आणि त्यांतल्या दरांवरून संसदेत, वर्तमानपत्रांत खूप वाद झाले. नियामकच जागेवर नव्हता, त्यामुळे दर वाजवी आहे की नाही हे त्रयस्थपणे सांगणारं कोणी नव्हतं.

एवढ्याशा देशाला एवढ्या संस्था कशाला?

देश लहान म्हणून काम सोपं, असं विजेत होत नाही. उलट होतं. मॉरिशसचं क्षेत्रफळ सुमारे २०४० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याहून बरंच कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. पण गोवा पश्चिम ग्रिडला जोडलेला आहे. तिथे स्वतःची निर्मिती कमी असली तरी वीज बाहेरून येते. मॉरिशसला शेजारीच नाही. त्यातल्या त्यात जवळच्या रेयुनियन बेटालाही केबल नाही. जे काही तयार करायचं ते बेटावर, त्याच क्षणी.

विजेची सर्वोच्च मागणी ५०० मेगावॉटच्या आसपास असते आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या उकाड्यात त्याहून वर जाते. नागपूरजवळच्या कोराडीत एक संच ६६० मेगावॉटचा आहे. म्हणजे आपल्याकडचा एक संच तिथल्या अख्ख्या देशाला पुरून उरेल. असा संच इथे अचानक बंद पडला तर देशभरची ग्रिड तो धक्का वाटून घेते. मॉरिशसमध्ये ४० मेगावॉटचा संच बंद पडला तर एका क्षणात देशाची आठ टक्के वीज जाते. वारंवारता ५० हर्ट्झवरून खाली घसरू लागते आणि काही भागांचा पुरवठा आपोआप तोडावा लागतो. राखीव क्षमता किती ठेवायची, तिचा खर्च कोणाच्या बिलात घालायचा, सोलर किती जोडू द्यायचं हे प्रश्न म्हणूनच तिथे फार टोकदार असतात.

माझ्या छतावर सोलर बसवायचं तर परवानगी कोणाची?

घर किंवा लहान दुकान असेल तर सीईबीच्या योजनेत अर्ज करायचा. २०१० मध्ये सुरू झालेली लहान वीजनिर्मितीची योजना ५० किलोवॉटपर्यंत आहे. त्यावरच्या क्षमतेसाठी वेगळ्या योजना आणि वेगळ्या अटी आहेत. प्रत्येक योजनेत जोडणीची एकूण मर्यादा असते. ती भरली की दार बंद होतं, पुढची योजना जाहीर होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून यंत्रणा विकत घेण्याआधी जोडणीची मंजुरी हातात घ्या. उलट्या क्रमाने गेलेले आणि पॅनल छतावर नुसते चमकत ठेवावे लागलेले लोक मला भेटले आहेत.

गरीब कुटुंबांसाठी सीईबीच्या ग्रीन एनर्जी कंपनीने केलेली योजना मला मनापासून आवडते. छतावर एक किलोवॉटचा संच बसवायचा आणि त्या बदल्यात कुटुंबाला वीस वर्षं दरमहा ५० युनिट वीज मोफत द्यायची. अशी दहा हजार घरं करण्याचं उद्दिष्ट होतं. अनुदान देऊन बिल कमी करण्यापेक्षा गरिबाच्या छपरालाच वीजकेंद्र करणं हा विचार जास्त टिकाऊ आहे.

मरेना आणि बचतीचं ऑफिस यांत फरक काय?

मरेना २०१५ च्या कायद्याने आली. अक्षय ऊर्जेच्या योजना सुचवणं, माहिती गोळा करणं, सरकारला सल्ला देणं हे तिचं काम. परवाना देणं किंवा दर ठरवणं तिच्याकडे नाही. गुंतवणूकदार तिथे जाऊन 'परवाना द्या' म्हणतात आणि रिकाम्या हाताने परततात.

बचतीचं ऑफिस २०११ च्या कायद्यातलं. मोठ्या वापरकर्त्यांची ऊर्जा तपासणी आणि उपकरणांवरची लेबलं हा त्याचा प्रांत. फ्रिज, भांडी धुण्याची यंत्रं आणि विजेचे ओव्हन यांच्यावर लेबल सक्तीचं करणारे नियम २०१७ चे आहेत. भारतातल्या तारांकित लेबलची सवय असेल तर ते समजायला वेळ लागत नाही.

पेट्रोल, डिझेल आणि गॅसचा दर कोण ठरवतं?

आयात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनची. ही सरकारी कंपनी १९८२ पासून आहे आणि तेलाबरोबर रेशनचा तांदूळ आणि पीठही आणते. पंपावरची किंमत पेट्रोलियम दर समिती ठरवते, तिचे नियम २०११ चे. आंतरराष्ट्रीय भाव वरखाली झाले तर त्याचा झटका एकदम लागू नये म्हणून किंमत स्थिर ठेवण्याचं एक खातं आहे. भाव पडले की त्यात पैसा साठवायचा, चढले की त्यातून सोसायचा.

कल्पना चांगली आहे. पण प्रत्येक लिटरच्या किमतीत तेलाशी संबंध नसलेल्या रकमाही मिसळलेल्या असतात: रस्त्यांसाठी, मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज बेटावरच्या वाहतुकीसाठी, गॅसवरच्या अनुदानासाठी. २०२१ मध्ये कोविडच्या लशींसाठी लिटरमागे दोन रुपये बसवले गेले. २०२२ मध्ये पेट्रोल ६१.३० रुपयांवरून ६७.४० आणि लगेच ७४.१० रुपयांवर गेलं, तेव्हा लोकांचा संयम सुटला. त्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. युक्रेनच्या युद्धाने तेल महागलं हे त्यांना समजत होतं. आपल्या लिटरमध्ये आणखी काय काय भरलं आहे, यावर त्यांचा राग होता आणि तो रास्त होता. (हे रुपये मॉरिशसचे आहेत, भारताचे नाहीत.)

तेलाच्या जहाजाचं ते प्रकरण काय होतं?

मंगळूरच्या रिफायनरीतून मॉरिशसला अनेक वर्षं तेल जात होतं. ते आणण्यासाठी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनने २००९ मध्ये बेटामॅक्स या कंपनीशी १५ वर्षांचा वाहतूक करार केला. 'रेड ईगल' हे जहाज त्यासाठीच बांधलं गेलं. २०१५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला. सिंगापूरच्या लवादाने २०१७ मध्ये कंपनीला सुमारे ११.५ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निवाडा फेटाळला आणि जून २०२१ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो पुन्हा कायम केला. मॉरिशस १९६८ मध्ये स्वतंत्र झाला असला तरी अंतिम अपील आजही तिथेच जातं.

या सगळ्या काळात तेलवाहतुकीचा करार वाजवी आहे का, हे आधीच तपासणारा स्वतंत्र नियामक नव्हता. विजेला उशिरा का होईना, यूआरए मिळाली. इंधनाला तसं कोणी नाही. ही उणीव भरून काढायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

समुद्रात तेल शोधायचं ठरलं तर?

त्यासाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे. तो विषय वीज नियामकाकडे येत नाही.

वीजकेंद्राला लोकांचा विरोध असेल तर तो कुठे नोंदवायचा?

पर्यावरण खात्याकडे. मोठ्या केंद्राला वीज परवान्याआधी पर्यावरणीय परिणामांची तपासणी लागते आणि तो अहवाल लोकांच्या हरकतींसाठी खुला ठेवतात. आता त्यासाठी २०२४ चा पर्यावरण कायदा आहे. पश्चिम किनाऱ्यावर पॉइंट ऑ काव इथे १०० मेगावॉटचं कोळसा केंद्र येणार होतं. २०१३ च्या सुरुवातीला त्याविरुद्ध उपोषण झालं, मोर्चे निघाले, सरकारने ऊर्जा आयोग नेमला आणि पुढे ते केंद्र झालंच नाही. नियामकाची खुर्ची रिकामी असताना ते काम नागरिकांनी उपाशी राहून केलं.

सीईबीच्या कंत्राटांत गैरव्यवहाराचे आरोप झाले होते ना?

हो. सेंट लुई केंद्राच्या नूतनीकरणात कंत्राट मिळवण्यासाठी गैरमार्ग वापरल्याच्या कारणावरून आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेने जून २०२० मध्ये डेन्मार्कच्या कंत्राटदार कंपनीवर २१ महिन्यांची बंदी घातली. त्याच महिन्यात उपपंतप्रधान व ऊर्जामंत्री इवान कोलेंदावेलू यांना पदावरून दूर केलं गेलं. त्यांनी आरोप नाकारले. इथेही चौकशीचा पहिला कागद कर्ज देणाऱ्या बँकेकडून, म्हणजे देशाबाहेरून आला.

बिल चुकलं, वीज वारंवार जाते. काय करायचं?

आधी सीईबीच्या ग्राहक कक्षात लेखी तक्रार करा आणि पोचपावती घ्या. समाधान झालं नाही तरच यूआरएकडे जा, कारण आधीची पायरी ओलांडलीत का हा पहिला प्रश्न तिथे विचारला जातो. मीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवा. इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये लिहिलेलं चालतं. तोंडी बोलणं बहुधा क्रिओलमध्ये होईल, आणि त्यात विजेला 'कुरां' म्हणतात, एवढं माहीत असलं तरी बोलणं सोपं होतं.

रॉड्रिग्ज बेटाची व्यवस्था वेगळी आहे का?

ग्रिड वेगळी, संस्था तीच. तिथेही सीईबीच आहे. डिझेलवरची केंद्रं आणि काही पवनचक्क्या.

भारताचा आणि मराठी माणसाचा यात संबंध कुठे येतो?

भारताचा बराच. इंडियन ऑइलची उपकंपनी तिथे पंप आणि साठवण चालवते. हेन्रिएट्टाच्या ८ मेगावॉट सौर प्रकल्पाची पायाभरणी जानेवारी २०२२ मध्ये दोन्ही देशांच्या पंतप्रधानांनी मिळून केली. टॅमरिंड फॉल्सच्या जलाशयावर १७.५ मेगावॉटचा तरंगता सौर प्रकल्प एनटीपीसीने उभारायचा, असं ठरलं आहे. मराठी समाज लोकसंख्येच्या दोन टक्क्यांच्या आसपास आहे आणि कास्काव्हेल, वाक्वा या बाजूंना त्याची जुनी वस्ती. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या मळ्यात राबायला नेलेल्या माणसांचे पणतू आज त्याच उसाच्या चिपाडावरची वीज वापरतात. या विषयाकडे मी ओढला गेलो तो यामुळे.

२०३० पर्यंत ६० टक्के अक्षय ऊर्जा आणि कोळसा बंद, हे जमेल का?

हे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर झालं. सध्याचा वाटा पाचव्या भागाच्या आसपास घुटमळतो, त्यातही मोठा भाग बगॅसचा. प्लेन दे रोश इथलं पवन केंद्र ९.३५ मेगावॉटचं आहे, आणि जल क्षमता जवळपास संपली आहे. म्हणजे वाढ सोलर आणि बॅटऱ्यांतूनच यायला हवी. आमोरीच्या उपकेंद्रात बॅटऱ्या बसवल्या आहेत, त्या वारंवारता सांभाळायला फार उपयोगी पडतात. संध्याकाळची मागणी तासन् तास भागवायला मात्र त्या पुरत नाहीत.

मुदतीत जमेल असं मला वाटत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटेत होणाऱ्या नव्या करारांचे दर. कोळशाच्या काळातले करार नियामकाविना झाले. सोलर आणि बॅटरीचे करार आता यूआरएच्या टेबलावरून जाणार आहेत. तिथले अर्ज, तिथल्या हरकती आणि तिथले निर्णय यांवर लक्ष ठेवा. पुढच्या वीस वर्षांचं बिल तिथे लिहिलं जात आहे.

चक्रीवादळात वीज कधी परत येते?

वारा उतरून कर्मचाऱ्यांना बाहेर पडणं सुरक्षित झाल्याशिवाय दुरुस्ती सुरू होत नाही. त्याआधी तगादा लावून उपयोग नाही. जानेवारी २०२४ च्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवर गाड्या वाहून गेल्या आणि अनेक भाग अंधारात होते. इस्पितळं आणि पाण्याचे पंप आधी, मग वस्त्या. टॉर्च, पॉवर बँक आणि दोन दिवसांचं पाणी नोव्हेंबरपासूनच भरून ठेवा. तुटून पडलेल्या तारेजवळ मात्र जाऊ नका, ती मेलेली दिसली तरी.